इनबॉक्समधून गेलेली हलगी

निपाणीच्या कचेरीसमोर चिंचेच्या झाडाखाली माझे टेबल आहे. डोक्यावर निळी ताडपत्री, समोर एक बाक, आणि बाकावर ज्यांचे आजवर कोणी धड ऐकून घेतलेले नाही अशी माणसे. वारसनोंदीपासून पाणंदीच्या तंट्यापर्यंत सर्व प्रकारच्या तक्रारी मी मराठीत ऐकून घेतो आणि कन्नडात उतरवून देतो. माझ्या हातचा अर्ज त्रुटीचा शेरा घेऊन परत आला असे सहसा घडत नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. आतले कारकूनही ते मान्य करतात. माझे शिक्षण मात्र बेताचे आहे. कॉलेजात दोनदा गेलो आणि दोनदा बाहेर आलो. तेव्हा ही भाषा, ही मांडणी तुम्ही कोठे शिकलात, असे पुष्कळजण विचारतात आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. खरे उत्तर असे की आयुष्यातला पहिला अर्ज मी कागदावर लिहिलाच नाही. तो मी अंगठ्याने, मोबाइलच्या पडद्यावर, एका गायकाच्या इनबॉक्समध्ये लिहिला, आणि तो नामंजूर झाला. त्या अर्जापर्यंत मी कसा पोचलो तेवढेच या प्रकरणात नमूद करीत आहे.

आमचे घर निपाणीबाहेरच्या एका गावात, गावात शिरणाऱ्या रस्त्याला लागून होते. वस्तीतले पहिलेच घर. तंबाखूचा वास भिंतींत मुरला होता. पाहुणे आले की शिंकत, आम्हांला तो जाणवतही नसे. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात ओलसर पाने आणि जर्दा, हातात कात्री. पान कातरताना कात्री दोनदा बोले, मग वळताना शांतता, मग पुन्हा दोनदा. त्या आवाजावर मी वाढलो, त्या आवाजावर झोपलो. धाकटी बहीण वैशाली दप्तर टाकून आईशेजारी दोरा बांधायला बसे आणि हात चालू ठेवून शाळेतल्या बाईंची नक्कल करी. आप्पा, म्हणजे आमचे वडील, तंबाखूच्या वखारीत हमाल होते. बोलणे अगदी मोजके. संध्याकाळी हातपाय धुऊन चुलीपुढे बसत, आई तव्यावरची भाकरी त्यांच्याकडे सरकवी, आणि ते तिचा फुगलेला पापुद्रा सोडवून त्यावर मिरचीच्या खरड्याचे बोट फिरवून आधी वैशालीला देत. देताना म्हणत, "हं, धर." भाकरी देताना, सायकलचे हँडल माझ्या हाती देताना, शाळेची फी तळहातावर ठेवताना, नेहमी तेच. वखारीत तंबाखूचा बोद, म्हणजे गच्च भरलेले पोते, एकाच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पाठीवर चढवताना असे म्हणायची रीत होती. दुसऱ्याने भार घेतल्याशिवाय पहिल्याने हात सोडायचा नाही, हा त्यातला अर्थ. ती रीत त्यांच्या जिभेवर बसली होती आणि तिच्यातच त्यांची माया होती, हे मला फार उशिरा कळले. वैशाली त्यांची नक्कल करायची. मला पाण्याचा तांब्या देताना आवाज जाड करून म्हणायची, "हं, धर," आणि आप्पा टॉवेलाआड हसायचे.

आप्पांच्या आयुष्यात हलगी होऊन गेली होती हे लहानपणी मला ठाऊक नव्हते, कारण घरात तो विषय निघत नसे. मला जे कळले ते आईकडून, आणि तिनेही ते पाने कातरता कातरता, मान वर न करता सांगितले. आमचे आजोबा गावची हलगी वाजवीत; म्हणजे त्यांना ती वाजवावी लागे. पाटलांच्या घरची वरात निघाली की हलगीवाल्याने घोड्याच्या पुढे, नवरदेवाकडे तोंड करून, उलट्या पावली चालायचे. नवरदेवाला पाठ दाखवायची नाही. ओढ्यापासून पाटलांच्या दारापर्यंत आजोबा टाचेने दगड चाचपत तसे चालत, आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्याच तालात, पोरवयातले आप्पा. पुढे वस्तीने धम्म घेतला. त्या दिवशी घराघरांतल्या हलग्या गोळा करून ओढ्याकाठी जाळल्या, आणि आजोबांनी सर्वांसमक्ष शब्द दिला की आमच्या घरातला माणूस पुन्हा कोणाच्या वरातीपुढे हलगी घेऊन उभा राहणार नाही. गावाने मग वस्तीतल्या लोकांना कामावर घेणे बंद केले. आप्पा वखारीत गेले ते त्यामुळे. पाठीची कातडी सोलली, पण पाय सरळ पडू लागले, असे आई म्हणायची. आमच्या भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती आणि तिच्याखाली बसून आप्पांनी मला वकील करायचे मनाशी ठरवले होते.

आज परिस्थिती बदलली आहे, हेही नोंदवतो. आमच्याच समाजातली शिकलेली मुले आता स्वखुशीने हलगी शिकतात, स्टेजवर वाजवतात, टाळ्या घेतात. त्याबद्दल माझी काहीही हरकत नाही. मी लिहितो आहे ते आमच्या घरातल्या एका शब्दाबद्दल.

वकील होण्याऐवजी मी निपाणी स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात लागलो. लोकांच्या मेमरी कार्डांत गाणी भरून देणे हे काम. दुकानदाराने अडगळीत टाकलेला एक संगणक मी मागून घरी आणला, तंबाखूच्या रिकाम्या पेटीवर मांडला आणि त्यावर बीट बनवू लागलो. बीट म्हणजे गाण्याखालचा ठेका आणि संगीत. शब्द आणि गळा गायकाचा, बाकी सर्व आपले. त्या दिवसांत घरच्या घरी गाणी करणारी पोरे बेळगावपासून इचलकरंजीपर्यंत उगवली होती आणि सगळी सोशल मीडियावर सापडत. मी त्यांच्या इनबॉक्समध्ये बीटचा नमुना पाठवी. कोणाला भेटावे लागत नसे, कोणाच्या दारात उभे राहावे लागत नसे, आडनाव सांगावे लागत नसे. मला या धंद्यातले हेच फार आवडले होते. समोरच्याला फक्त आवाज दिसायचा.

माझे मेसेज मात्र आजच्या अर्जांचेच पूर्वज होते. "आदरणीय महोदय, मी निपाणी परिसरातील होतकरू बीट निर्माता असून सोबत नमुना सादर करीत आहे. कृपया श्रवण करून अभिप्राय कळवावा." वैशाली माझ्या खांद्यावरून वाचायची.

"अण्णा, त्यो काय तासिलदार हाय व्हय? 'भावा, ऐक की' म्हण."

"भाषेला वजन पाहिजे."

"वजनानंच बुडालंय बघ. सगळ्यांनी बघून सोडून दिलंय."

ती म्हणते ते खरे होते. बहुतेक मेसेज वाचले जात आणि तिथेच राहत. तरी काही पोरे उत्तर देत, कोणी रेट विचारी, कोणी नुसता अंगठा पाठवी. चोरी होऊ नये म्हणून नमुन्याच्या सुरुवातीला बनवणाऱ्याचे नाव बोलून घालायची पद्धत असते. माझ्या बीटवर वैशालीचा आवाज होता, "मिलिंद, निपाणी." सौदा झाला की ते नाव काढून स्वच्छ प्रत पाठवायची. माझी पहिली बीट विकली गेली ती आईच्या कात्रीची. कात्रीचा आवाज मोबाइलवर टिपून मी त्यावर ठेका उभारला, आणि वडगावच्या एका मुलाने तो घेतला. त्याच्या घरी माग होते. त्याने लिहिले, भावा, हे आमच्या घरात बसून केल्यागत वाटतंय. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "माझ्या कात्रीचं गाणं झालं व्हय? मग कारखान्यात सांगून ये, मजुरी वाढवा म्हणावं."

आणि मग कॅम्पातला तो गायक आला. प्रतिवादीचे नाव लिहायला अर्जात जागा असते. आठवणीत ती जागा मी मोकळी ठेवतो. एवढेच सांगतो की तो फौजेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांचा मुलगा होता, बेळगावच्या कॅम्पात राहायचा, आणि त्याची गाणी आमच्या दुकानात रोज कार्डांत भरली जात. अशा माणसाने आपण होऊन मला लिहिले. "भावा, कात्री भारी. पण मला हलगी पाहिजे. ओरिजिनल. सॉफ्टवेअरची नको, ती पत्र्यागत वाजते." मी उत्तर दिले की आपली मागणी विचाराधीन आहे. माझ्याकडे सॉफ्टवेअरशिवाय काही नव्हते. निपाणीत हलगीवाले होते, पण लग्नसराईत त्यांना उसंत नव्हती. म्हणून मी संगणकावरच्या हलगीला घासूनपुसून ओरिजिनल करायच्या मागे लागलो. रोज संध्याकाळी तोच ठेका, पुन्हा पुन्हा. आप्पा चुलीपुढे बसून ऐकत. एके दिवशी भाकरी अर्धी ठेवून उठले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"काय वाजवतुयास ह्ये?"

"हलगी, आप्पा."

"डबा हाय त्यो. रॉकेलचा डबा."

"काय चुकतंय सांगा की मग."

ते पुन्हा जाऊन बसले. आईची कात्री थांबली होती. थोड्या वेळाने त्यांनी गुडघ्यावर बोटे वाजवली. उजव्या हाताची जड, डाव्याची हलकी, आणि डाव्या हाताची बोटे उजव्याच्या मागे न राहता त्याच्या अंगावरून पुढे पळत होती. संगणकावर मी जे आठ दिवस शोधत होतो ते त्या गुडघ्यावर होते. "एक डाव वाजवून द्या," मी म्हणालो. म्हटले आणि लगेच आईकडे पाहिले.

आई म्हणाली, "मामंजींनी शब्द दिलता. ओढ्यावर. मी नवी सून हुतो तवा, पदरानं राख झाकली हुती तिथली."

"त्येंनी वरातीचा शब्द दिलता," आप्पा म्हणाले.

"हलगी ती हलगी."

"न्हाय गं. वरातीचा हात येगळा आन् कुस्तीचा येगळा. फडात हलगीवाल्याला कुणाम्होरं वाकाय लागत न्हाय. पैलवान त्याच्या तालावर नाचतोय, त्यो पैलवानाच्या न्हाय. मी कुस्तीचं वाजवीन. आपल्या घरात, दार लावून. हितं कोण हाय म्होरं? ह्यो मिल्या न् त्याची पेटी."

आईने कात्री पुन्हा चालू केली. मग म्हणाली, "माझ्या चुलीवर ती तापवायची न्हाय. येवढं सांगून ठेवतो."

रविवारी दुपारी आईच्या विडीकामाला सुटी असे, वखार बंद असे, रस्ता शांत असे. तालमीतून मी हलगी मागून आणली. खिडकीला गोधड्या टांगल्या. आप्पांनी अंगणात पानांच्या कातरणीचा जाळ केला, कारण चूल मिळणार नव्हती. त्या जाळावर हलगी धरून ते तिच्या कातड्यावर बोट मारून ऐकत, पुन्हा धरत, पुन्हा ऐकत. धुराला विडीच्या पानाचा कडवट वास होता. माणूस कैक वर्षांनी भेटलेल्या भावाला ओळखतो तसे त्यांचे तोंड झाले होते. आत येऊन त्यांनी हलगी खांद्याला लावली, जाड टिपरू उजव्या हातात घेतले, बारीक काडी डाव्या बोटांत. मी मोबाइल पुढे ठेवला आणि मान हलवली. ते घसा साफ करून म्हणाले, "हं, धर." हे मला म्हणाले, की हलगीला, की शेजारी नसलेल्या आजोबांना, ते मी कधी विचारले नाही. आणि हात पडला.

त्या वाजवण्याचे वर्णन करण्यास माझी भाषा पुरी पडत नाही. सुरुवात सावकाश होती, पैलवान माती अंगाला लावत फडात फिरतो तशी. मग पट काढायला तो झेपावतो तशी उसळी आली, मग ओढ आली, आणि शेवटी दोन्ही हात असे काही एकमेकांत शिरले की भिंतीवरची तसबीर खिळ्याला थरथरू लागली. वैशाली दोन्ही हातांनी तोंड दाबून कोपऱ्यात बसली होती. वाजवून झाले तेव्हा आप्पांच्या कपाळावर घाम होता आणि ते तरुण दिसत होते. आई दारापलीकडे अंगणात होती. ती आत आली, त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि निघून गेली. ते म्हणाले, "मिल्या, आत्ताच्या आत्ता तालमीत दिऊन ये. घरात ठिवायची न्हाय."

नमुना तयार करताना मी माझे नाव काढून टाकले आणि त्या जागी आप्पांचे "हं, धर" ठेवले. वैशाली म्हणाली, "माझी नोकरी गेली म्हणायची." घरात सगळ्यांना ऐकवले. स्वतःचा आवाज आप्पांनी त्यापूर्वी कधी बाहेरून ऐकला नव्हता. "मी आसा बोलतो व्हय?" असे विचारून ते टॉवेलाआड इतके हसले की आईलाही हसू आवरले नाही. आमच्या घरातला तो फार चांगला दिवस होता, आणि तो तसा होता हे मी आजही नाकारत नाही. पुढे जे झाले त्याने मागचे पुसले जात नाही. अर्जातही आधी झालेले हिताचे कृत्य नमूद करावे लागते.

गायकाने लगेच उत्तर दिले. ही बीट मला एकट्याला दे, दुसऱ्या कोणाला नको. आणि खाली लिहिले, "ते सुरुवातीचं 'हं, धर' काढू नको भावा. तेच पाहिजे मला." इतर सर्व बीट मी नाव काढून विकल्या होत्या. ही एकच आवाजासकट गेली. गाणे कोणते, शब्द कोणाचे, कोठे वाजणार, हे विचारायची या धंद्यात रीत नव्हती आणि मलाही सुचले नाही. इनबॉक्समध्ये कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही, या आनंदात मी होतो. आपला माल उद्या कोणाच्या दारात उभा राहील, ही त्याच सोयीची दुसरी बाजू मला दिसली नाही.

गाणे आले आणि महिन्याभरात आमच्या दुकानातले सर्वांत जास्त मागणीचे गाणे झाले. त्यात घोडा होता, मिशी होती, बापजाद्यांची जमीन होती, आणि घोडा येताना रस्त्यातून बाजूला होणारी माणसे होती. त्या काळी अशीच गाणी चालत. मी फारसे मनावर घेतले नाही. आप्पांची हलगी बेळगावात, कोल्हापुरात वाजते आहे याचाच मला अभिमान होता, आणि कार्डात गाणे भरताना मी गिऱ्हाइकाला सांगतही असे की ही हलगी आमच्या घरची.

त्याच लग्नसराईत पाटलांच्या नातवाचे लग्न निघाले. संध्याकाळची वेळ होती, अजून उजेड होता. आई अंगणात उकिरड्याकडे पाने झाडत होती. आप्पा दाराबाहेरच्या दगडावर बसून तिची कात्री घासून धार लावत होते. ओढ्याकडून वरात येत असल्याचे लांबूनच कळत होते, कारण डॉल्बीच्या दणक्याने आमच्या पत्र्यावरची कौलाची खापरी टिकटिकत होती. ट्रकवर भिंतीएवढे भोंगे, त्यामागे नाचणारी पोरे, त्यांच्या मागे घोडा. वस्तीतले लोक दारांत येऊन पाहत होते. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नव्हते. रस्ता सर्वांचा आहे, लग्न कोणाचेही असो, माणूस पाहतोच. आमच्या घरासमोर ट्रक आला तेव्हा आधीचे गाणे संपले. क्षणभर नुसती खरखर. आणि मग भोंग्यांतून, सगळ्या रस्त्यावर, आमच्या चुलीपुढचा तो आवाज आला. "हं, धर."

आईने झाडू हातात धरून मागे वळून पाहिले, तिला वाटले आप्पा तिला कात्री देत आहेत. आप्पा उभे राहिले होते. कात्री त्यांच्या हातातच होती. हलगी सुरू झाली होती, घोडा पुढे येत होता, आणि आप्पांचे तोंड घोड्याकडे होते. मग मी पाहिले की ते मागे सरकत आहेत. एक पाऊल, थोडे थांबून दुसरे, टाच आधी चाचपून मग तळवा, अगदी तालावर. ते घाबरून मागे होत नव्हते. ते चालत होते. तिसऱ्या पावलाला टाच उंबऱ्याला लागली आणि ते थांबले. खाली मान घालून त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिले.

शेजारचा पवन मजेत ओरडला, "आप्पा, पाटलाच्या वरातीत वाजवाय कवा गेलतासा? आमाला सांगायचं न्हाय व्हय?" त्याच्या मनात काही नव्हते. त्याला आवाज ओळखता आला याचाच त्याला आनंद झाला होता. दोन-चार जण हसले. घोडा पुढे गेला. पोरे नाचत गेली. आप्पा उंबऱ्यावर बसले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पाय इसरलं न्हाईत रं अजून."

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या मागे उभा राहून मी तो अर्ज लिहिला. तो मला आजही शब्दशः पाठ आहे. "विषय: गाण्यातील वडिलांचा आवाज व हलगीवादन वगळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर हलगी ही कुस्तीची असून ती वरातीपुढे वाजवली जाऊ नये अशी आमच्या घराण्याची प्रतिज्ञा आहे. सदर वादनामुळे माझ्या वडिलांस मानसिक क्लेश झाले असून, आपण सहृदय कलावंत आहात. सबब विनंतीचा विचार व्हावा." पाठवला आणि वाट पाहिली. त्याने वाचल्याची खूण उमटली. मग उत्तर आले. "भावा, सॉरी. वाईट वाटलं. पण गाणं आता सगळीकडं गेलंय, माझ्या हातात राहिलं नाही. आणि खरं सांगू का, पब्लिक बाकीचं गाणं विसरतंय आणि तुझ्या आप्पांचं तेवढंच म्हणतंय." तो माणूस खोटे बोलत नव्हता. नंतर अनेक अर्जांची अनेक उत्तरे मी वाचली. इतके सरळ उत्तर क्वचितच कोणत्या कचेरीतून आले.

घरी आप्पांना सांगितले की मी कळवले आहे. ते म्हणाले, "काय कळवलंस, वाच." मी वाचून दाखवला. सबब या शब्दाशी ते थोडे थबकले. शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "लिवतोस चांगलं. लोकांचं लिवून दे, कुणाचं तरी काम हुईल." आणि मग, "ह्येचं काय न्हाय. वाजायचं ते वाजलं. त्याला पुन्यांदा लिवू नगोस." मी निपाणीच्या कचेरीसमोर आलो तो त्या बोलण्यावर. बीट बनवणे मी त्याच महिन्यात थांबवले. संगणक दुकानदाराच्या अडगळीत परत गेला. आईची कात्री पूर्वीसारखी चालू राहिली, पण माझ्या कानाला ती आता ठेका वाटत नसे.

एक बदल कोणी बोलून दाखवला नाही. तो सर्वांना कळला होता. त्या संध्याकाळनंतर आप्पांनी "हं, धर" म्हणणे सोडले. भाकरीचा पापुद्रा सोडवत, खरडा लावत, वैशालीपुढे हात करत, आणि गप्प राहत. ती क्षणभर वाट पाही, मग घेई. नक्कल करणेही तिने बंद केले. सायकल देताना ते हँडल नुसते माझ्याकडे वळवत. एकदा मीच म्हणून पाहिले. पाण्याचा तांब्या पुढे करून म्हणालो, "हं, धरा आप्पा." त्यांनी तो घेतला, प्याले, खाली ठेवला. माझ्या तोंडी तो शब्द परका वाटला. वैशालीच्या लग्नात, तिला गाडीत बसवताना, त्यांनी तिच्या हातात शिदोरीचे गाठोडे दिले तेव्हा ओठ हलल्यासारखे झाले होते. ती अजून म्हणते, अण्णा, त्या दिवशी म्हणाले होते ते, मला ऐकू आलं. मला ऐकू आले नव्हते. मी ते तिला सांगत नाही.

आप्पा गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. वखारीच्या धुळीने त्यांची छाती गेली होती. शेवटी आवाजच राहिला नव्हता. आमच्याकडे त्यांचा एक फोटो आहे, वखारीचे ओळखपत्र आहे. आवाज घरात कोठे नाही. ज्या मोबाइलवर ती दुपार टिपली होती तो केव्हाच बिघडला, आणि संगणकासोबत बाकी सर्व गेले. आपल्या माणसाचा आवाज जपून ठेवायची वस्तू असते हे तेव्हा सुचले नव्हते. आमच्या घरात तो रोज, फुकट, भाकरीबरोबर मिळत होता.

ते गाणे जुने झाले, तरी लग्नसराईत अजून लावतात. मोबाइलवरही ते सापडते, पण घरात ते लावायचे नाही हे मी आप्पांच्या हयातीतच ठरवले होते. कचेरीसमोरच्या रस्त्याने वरात निघाली की मला लांबूनच समजते. बाकावरचा माणूस बोलत असतो, त्याची जमीन, त्याचा भाऊ, त्याची अडचण. मी त्याला हाताने थांब म्हणतो आणि पेन खाली ठेवतो. ताडपत्रीखालून बाहेर येतो, रस्ता ओलांडून भोंग्यांच्या अगदी जवळ जातो. नाचणारी पोरे मला ओळखतात. "काका, नाचायचं काय?" असे विचारतात. कोणाची वरात, कोणता घोडा, मी पाहत नाही. आज त्या गायकाने माझा जुना अर्ज मंजूर करतो म्हणून कळवले, तर मी तो मागे घेईन. आधीचे गाणे संपते, भोंग्यांत खरखर येते, मी मान खाली घालून उभा राहतो, आणि आप्पा मला म्हणतात, हं, धर.

तेवढे झाले की मी माघारी वळतो. पुढची हलगी सुरू असतानाच रस्ता ओलांडून टेबलाशी येतो, पेन उचलतो, आणि बाकावरच्या माणसाला म्हणतो, हं, सांगा पुढचं.